१७६० चं कोरलेलं ब्रॅकेट घ्यावं की व्हिक्टोरियन जोडी?

लंडनच्या लिलावात भिंतीवर लावायची सोनेरी ब्रॅकेट्स, म्हणजे वर फुलदाणी वगैरे ठेवायच्या चिनी ढंगाच्या पण इंग्लंडमधे बनलेल्या कोरीव फळ्या, बघत असाल तर आधी एक लक्षात घ्या, "चिपेंडेल स्टाइल" लिहिलंय म्हणजे फक्त नक्षी तशी आहे, वय नाही.

खरी जुनी साधारण १७५० ते १७६५ मधली. लंडनचा फर्निचर बनवणारा चिपेंडेल, त्याचं डिझाइनचं पुस्तक १७५४ चं, लंडनच्या क्यू गार्डनमधला पगोडा, म्हणजे चिनी ढंगाचा अनेक मजली मनोरा, १७६२ चा, त्या काळात इंग्लंडमधे श्रीमंतांच्या घरात चिनी खोलीची हौसच होती. कोरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी चीन पाहिलाच नव्हता, त्यामुळे ब्रॅकेटवरचा पक्षी अर्धा बगळा आणि अर्धा मनातला, आणि तो पगोड्याच्या छपराखाली फ्रेंच वळणांच्या वेलीवर बसलेला, मला तर हेच फार आवडतं.

ही पाइन किंवा लाइमवुडमधे (लिंडेन झाडाचं मऊ लाकूड) कोरायचे, वर खडू आणि सरसाचे बरेच हात, मग लाल मातीचा थर, मग सोन्याचा वर्ख आणि अकीकाने घोटाई. म्हणून पक्ष्याच्या चोचीवर, पानांच्या कडांवर वर्ख झिजला की खालचा लाल रंग डोकावतो.

१९ व्या शतकातल्या बऱ्याच व्हिक्टोरियन जोड्यांत नक्षी कोरलेली नसते, खडू, सरस, राळ आणि जवसाच्या तेलाचा लगदा साच्यात दाबलेला असतो आणि नाजूक फांद्या तारेवर. ओळखायचं तड्यांवरून, लाकूड रेषेच्या बाजूने फाटतं आणि लगदा आडवा तडकतो, कधी आतली तार पण दिसते. काही व्हिक्टोरियन ब्रॅकेट्स चांगली कोरलेलीही असतात हां, म्हणून मागची बाजू बघाच, गोल करवतीचे कमानीसारखे ओरखडे असतील तर १७६० विसरा. स्क्रूवर मात्र विसंबू नका, ते नंतर बदललेले असू शकतात.

जोडीत पक्षी एकमेकांकडे तोंड करून हवेत, आणि खऱ्या जुन्या जोडीची किंमत दोन सुट्यांपेक्षा बरीच जास्त जाते. वर एखादा चिनी मातीचा जड फुलदाणा ठेवायचाय, दोन्ही बाजू सारख्या हव्यात, तर व्हिक्टोरियन जोडी खुशाल घ्या. पण कोरीवकामासाठी घेताय तर माझ्या मते एकच जुनं घ्या, एखादं पान तुटलेलं असलं तरी चालेल. वर्खाऐवजी ब्रॉन्झ पेंट, म्हणजे सोनेरी दिसणारा रंग, फासलेलं मात्र नको, तो काळपट हिरवा पडतो आणि खालचा वर्ख न दुखवता काढणं फार महागात जातं.

मुंबईला नेणार असाल तर पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नका, सरस दमटपणात सैल पडतो आणि खडू पापुद्र्यांनी सुटतो. आणि पुसायला ओलं फडकं अजिबात नाही, पाण्यावर लावलेला वर्ख पाण्यानेच निघतो, मऊ कोरडा ब्रश बास.