लायकमिंगचं आयडलिंग: यांत्रिक इंजेक्शन की इलेक्ट्रॉनिक?

घरी बांधायच्या विमानासाठी लायकमिंग कंपनीचं चार सिलिंडरी इंजिन मिळालंय, आता इंधनाचं इंजेक्शन कुठलं बसवू, असं कुणी विचारलं की मी आधी उलट प्रश्न विचारतो: उडणार कुठून आणि उतरणार कुठे? बेळगावकराला हा प्रश्न टाळता येत नाही. आमच्या सांबरा विमानतळाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फुटांवर आहे, आणि आंबोली किंवा चोर्ल्याचा घाट उतरला की खाली कोकण. आमच्या इंजिनाचं आयडलिंग (थ्रॉटल सोडल्यावरचं मंद चालणं) बिघडलं ते या दोन पातळ्यांमधल्या ये-जा करण्यात.

आमचं इंजिन बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये चाचणीच्या ट्रॉलीवर चालायचं. विमानाचा सांगाडा मात्र सावंतवाडीला, मित्राच्या आवारात. त्यामुळे इंजिनाच्या टेम्पोतून वाऱ्या झाल्या. दोन्ही पद्धती याच इंजिनावर चालवून पाहिल्या आणि शेवटी इलेक्ट्रॉनिक ठेवली. माझं माप कुठे झुकलंय ते आधीच सांगितलेलं बरं.

पण पैसे खर्च करण्याआधी एक करा. आयडलवर थरथरणारं प्रत्येक इंजिन इंजेक्शनमुळे थरथरत नाही. लाकडी किंवा कंपोझिट हलका पंखा (प्रॉपेलर) लावला असेल तर फ्लायव्हीलचं वजनच कमी झालेलं असतं. धातूच्या पंख्यावर जे इंजिन ६५० आरपीएमला (मिनिटाला फेरे) शांत चालतं, ते हलक्या पंख्यावर त्याच आरपीएमला अंग झाडतं. आयडल थोडा वर घेतला की पुष्कळदा तक्रार मिटते. दुसरा संशयित म्हणजे इनटेक पाइपांमधली गळती. आयडलवर मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या वाटेतला) व्हॅक्यूम सगळ्यात जास्त असतो, म्हणून रबरी जोडाच्या बारीक फटीतून तेव्हाच सर्वांत जास्त हवा आत येते आणि तो एक सिलिंडर लीन होतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. थ्रॉटल वाढवला की दुखणं गायब. व्हॅक्यूम क्लीनरचं फुंकणारं तोंड हवेच्या वाटेला लावायचं आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारायचं, बुडबुडे आले की पत्ता लागला. ही गळती असताना इलेक्ट्रॉनिक बसवलं तरी फायदा नाही. सेन्सर एकूण दाब बघून सगळ्यांनाच थोडं जास्त पेट्रोल देईल, गळका सिलिंडर इतरांपेक्षा लीनच राहील.

आता यांत्रिक इंजेक्शन. आरएसए जातीचा सर्व्हो (हवा मोजून पेट्रोल सोडणारं यंत्र), इंजिनाच्या डोक्यावर बसलेला, पेट्रोल चारही सिलिंडरांना वाटणारा स्पायडर, तिथून चार बारीक नळ्या आणि चार नॉझल. वीज लागत नाही, हा त्याचा मोठा गुण, आणि तो मी कमी लेखत नाही. दोष शोधणंही हाताने जमतं. नळ्या नॉझलपासून सोडून सारख्या मापाच्या चार बाटल्यांत सोडायच्या, बूस्ट पंप (इंधनाचा मदतनीस पंप) थोडा वेळ चालवायचा आणि पातळ्या बघायच्या. हेच परत नॉझल लावून केलं की कचरा कुठल्या नॉझलमध्ये अडकलाय ते दिसतं. (आजूबाजूला कुणी विडी ओढत नाही ना, तेवढं बघा.) नॉझलमध्ये कचरा असला की एक गंमत होते. दाबावर चालणारा फ्लो मीटर जास्त इंधन दाखवतो, आणि तो सिलिंडर बिचारा उपाशी.

उन्हाळ्यात इंजिन तापवून बंद केलं की स्पायडर आणि नळ्यांत वाफ धरते आणि पुन्हा चालू केल्यावर काही वेळ इंजिन मिसिंग मारतं. याचा लोक फार बाऊ करतात. बूस्ट पंप लावून थोडं थांबलं की निवळतं, मला त्याचा एवढा त्रास झाला नाही.

त्रास झाला तो आयडल मिश्रणाचा. आयडलवर हवेचा ओढा इतका क्षीण असतो की सर्व्होच्या डायफ्रॅमला त्यावरून मोजमाप करता येत नाही. तिथे एक स्प्रिंग आणि थ्रॉटलच्या दांडीला जोडलेला आयडल व्हॉल्व्ह, एवढ्यावरच काम चालतं. म्हणजे थ्रॉटल त्या जागी असला की पेट्रोल तेवढंच, बाहेरची हवा दाट असो की विरळ. हजार फुटांना साधारण एक इंच पारा असा हिशेब धरला, तर बेळगाव आणि कोकण यांच्या हवेत दोन-अडीच इंचांचा फरक पडतो. उद्यमबागेत अगदी मनासारखं सेटिंग व्हायचं: मिक्श्चरची (पेट्रोल कमी-जास्त करायची) दांडी सावकाश बंदकडे ओढली की मरण्याआधी आरपीएम २५ ते ५० ने चढायचे, म्हणजे हवं तसं. तेच इंजिन सावंतवाडीला उतरवलं की आरपीएम चढायचेच नाहीत, सरळ खाली. लीन. थ्रॉटल मागे घेतला की धडधड. तिथे आयडल मिश्रणाचं चाक फिरवून जुळवायचं, आणि वर आणलं की रिच (पेट्रोल जास्त), खालचे प्लग काजळीने काळे. पुन्हा चाक. थंडीची सकाळ आणि एप्रिलची दुपार यांतही असाच फरक, फक्त कमी.

ट्रॉलीवर हे नुसतं कंटाळवाणं आहे. विमानात चाकापर्यंत पोचायला काउलिंग (इंजिनावरचं आवरण) काढावं लागेल, आणि थ्रॉटल पूर्ण मागे घेतलेला असतो तो उतरताना. कोकणच्या धावपट्टीवर टेकता टेकता इंजिन बंद पडलं तर? जाणकार म्हणतात, थोडं रिच ठेवा, जमिनीवर चालताना हाताने लीन करत जा. बरोबर आहे, पुष्कळ लोक तसंच चालवतात. मला ते रोजचं लक्ष ठेवणं नको होतं.

इलेक्ट्रॉनिकमध्ये हा विषयच संपला. मॅनिफोल्डचा दाब आणि हवेचं तापमान सेन्सरवरून येतं, ईसीयू (इंजिनाचा संगणक) त्यानुसार इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. अर्थात आपल्या इंजिनाचा मॅप (कुठल्या स्थितीत किती पेट्रोल याचा तक्ता) बसवायला वेळ द्यावा लागतो आणि आयडलचा भाग सगळ्यात चिकट. पण एकदा बसवल्यावर घाट उतरून गेलो तरी लॅपटॉप उघडावा लागला नाही.

यांत्रिकच्या बाजूने बेळगावात हमखास ऐकू येणारं म्हणणं असं, की इथे लेथ आहेत, फाउंड्र्या आहेत, हाताने दुरुस्त होईल तेच घ्या. मला ते तितकंसं पटत नाही. नॉझल साफ करणं वेगळं. सर्व्हो उघडायचा तर फ्लो बेंच (इंधनाचा प्रवाह मोजायचं यंत्र) लागतो, तो उद्यमबागेत नाही, म्हणजे पार्सल करून वाट बघणं आलं. उलट २०२० साली बीएस-६ आल्यापासून गल्लीतल्या गॅरेजवाल्याला इंजेक्टर आणि सेन्सर तोंडपाठ झालेत. आमच्याकडे वायरिंग बघायला आलेले मामा एकदा वाकून बघून म्हणाले, "अण्णा, हे स्प्लेंडरचंच की हो, जरा मोठं केलंय एवढंच." विमानाचं काम त्यांच्या हाती सोपवा असं नाही, पण दोष शोधताना बोलायला माणूस मिळतो.

ऊसपट्ट्यातले, चिकोडी-निपाणीकडचे ओळखीचे लोक आणखी एक विचारतात: इलेक्ट्रॉनिक घेतलं की इथेनॉलवालं पेट्रोल चालेल ना? मॅप बदलून मिश्रण जुळेलही. पण लायकमिंग इथेनॉलला मान्यता देत नाही. त्या आशेने घेऊ नका.

इलेक्ट्रॉनिकची खरी उणीव विजेची. मी एक मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी देणारं यंत्र) ठेवलाय आणि पाहुण्यांना तो दाखवून बरं वाटतं, पण इंधनाचा पंपच विजेवर असेल तर मॅग्नेटो एकटा काय करणार? दोन पंप, दोन बॅटऱ्या, आणि अल्टरनेटर गेल्यावर बॅटरी किती वेळ पुरते ते जमिनीवर प्रत्यक्ष चालवून बघणं, हे सगळं किमतीत धरा. एवढं करायची तयारी नसेल, चांगला सर्व्हो इंजिनासोबत आलेला असेल आणि तुम्ही सांबऱ्याच्याच आसपास उडणार असाल, तर यांत्रिक ठेवा, त्यात काही वाईट नाही. घाटाखाली जाणं-येणं असेल तर मी तरी इलेक्ट्रॉनिकच सुचवीन.

घेतलंत तर ईसीयू फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीच्या) आत, केबिनच्या बाजूला बसवा, आणि सगळ्या अर्थिंगच्या तारा एकाच जागी आणा. गरम झाल्यावरच येणारी आणि गार झाल्यावर पळणारी थरथर बहुधा सैल क्रिम्पची (तारेच्या टोकाच्या दाबलेल्या जोडाची) असते. ती शोधताना पंखा फिरत असेल तर हात घालू नका. इंजिन बंद, इग्निशन आणि इंजेक्टरचे फ्यूज काढलेले, ईसीयू चालू, अशा स्थितीत एकेक तार हलवायची आणि सेन्सरचा आकडा कधी उडी मारतो ते पडद्यावर बघायचं.