मेकॅनिकलमध्ये पीएचडी: कोल्हापुरात राहून की आयआयटीत पूर्णवेळ?

एम.ई. झालंय, कोल्हापुरातल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर आहात, नाहीतर शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) क्वालिटीचं काम बघता, आणि आता पीएचडीचं मनावर घेतलंय. नोकरी न सोडता शिवाजी विद्यापीठात अर्धवेळ नोंदणी करायची, की सगळं बाजूला ठेवून आयआयटीत पूर्णवेळ जायचं?

माझं मत आधीच सांगतो. वय तिशीच्या अलीकडे आहे, घर तुमच्या पगारावर चालत नाही आणि गेट या इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा स्कोअर चांगला आहे, तर बॅग भरा. बाकीच्यांनी कोल्हापुरात करावी, पण संशोधनाचा प्रश्न इथल्या मातीतला असेल आणि गाइड खरोखर वेळ देणारा असेल, तरच.

पैशाचं गणित

आयआयटीत पूर्णवेळ संशोधकाला पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये मिळतात. २०२३ पासून हे दर लागू आहेत. पंतप्रधान संशोधन फेलोशिप मिळाली, तर सुरुवात ७०,००० पासून होते आणि शेवटच्या वर्षांत ८०,००० पर्यंत जाते; पण तिथली स्पर्धा तशीच तगडी. यूजीसीच्या नेट परीक्षेत मेकॅनिकल हा विषयच नाही, त्यामुळे आपल्या शाखेला गेट हाच मुख्य दरवाजा.

अर्धवेळ नोंदणीत फेलोशिप नाही, पगार मात्र चालू राहतो. सारथी, बार्टी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप पूर्णवेळ संशोधकांसाठी आहेत. म्हणजे नोकरी सोडून कोल्हापुरातच पूर्णवेळ संशोधन करायचं, हाही एक रस्ता उरतो. फक्त फेलोशिपचा हप्ता पगारासारखा ठरल्या तारखेला जमा होईल असं धरून घराचा हप्ता काढू नका. काही महिन्यांचा खर्च गाठीला असावा.

वेळ

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं आहेत. पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळतात, महिलांना त्यावरही दोन. नियम पूर्णवेळवाल्याला आणि अर्धवेळवाल्याला सारखेच. पण कॉलेजात शिकवणाऱ्याची सहा वर्षं एनबीएच्या (अभ्यासक्रमाच्या मानांकनाच्या) फायली, पेपर तपासणी, प्रोजेक्टचे रिव्ह्यू आणि प्रवेशाच्या कामांत कशी निघून जातात, हे त्याचं त्यालाच माहीत.

म्हणून कॉलेजच्या एनओसीकडे (ना-हरकत पत्राकडे) कागदाचा एक तुकडा म्हणून बघू नका. अर्धवेळ संशोधनाला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपात त्यासाठी पुरेसा वेळ मिळतो आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (पीएचडीतल्या सुरुवातीच्या वर्गांसाठी) मोकळं केलं जाईल, या तिन्ही गोष्टी नियमानुसार त्यात लागतात. दुसरा मुद्दा प्राचार्यांशी बसून पक्का करा: आठवड्यातले कोणते तास, कोणता लोड कमी होणार. तोंडी आश्वासन नवीन सेमिस्टरचं टाइमटेबल लागलं की विसरलं जातं.

विषय कुठला, यावर सगळं आलं

कोल्हापूर परिसरात लहान-मोठ्या तीनशेच्या आसपास फौंड्र्या आहेत. देशभरातल्या गाड्यांचं, पंपांचं, इंजिनांचं कास्टिंग (ओतीव भाग) इथून जातं. आयआयटीतला विद्यार्थी कास्टिंगचं सिम्युलेशन तुमच्यापेक्षा उत्तम करेल. ऑटोकास्टसारखं सॉफ्टवेअर आयआयटी मुंबईतल्या संशोधनातूनच आलं. पण ऐन पावसाळ्यात साच्याच्या वाळूतली ओल हलली आणि त्याच आठवड्यात ब्लोहोलचं (वायूमुळे पडणाऱ्या पोकळ्यांचं) रिजेक्शन चढलं, हे रजिस्टरवर रोज बघायला मिळतं ते तुम्हाला.

सँड लॅबमध्ये नळीत वाळू भरायची, रॅमरचे तीन ठोके द्यायचे, ५० मिलिमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच उंचीचा नमुना तयार करायचा, मग त्याची पर्मिएबिलिटी (हवा किती पार होते) आणि ग्रीन स्ट्रेंग्थ (ओल्या वाळूची ताकद) मोजायची. शिफ्टमागून शिफ्ट हे आकडे लिहिले जातात. त्याशेजारी प्रत्येक हीटची (भट्टीतल्या एका वितळीची) केमिस्ट्री आणि रिजेक्शनची नोंद ठेवली, की वर्षा-दोन वर्षांत असा डेटा जमतो जो मुंबईतल्या लॅबला पैसे देऊनही मिळणार नाही. फक्त तो छापायची परवानगी मालकाकडून आधीच लेखी घ्या.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. चार पॅरामीटर घ्यायचे, टागुचीचा एल-९ हा प्रयोगांचा तयार तक्ता लावायचा, नऊ ट्रायल, मग एएनओव्हीए हे संख्याशास्त्रीय विश्लेषण, आणि झाला थीसिस, असं करू नका. एवढ्यावर एक पेपर होतो. श्रिंकेज (धातू आकसून पडणारी पोकळी) त्याच कोपऱ्यात का येतं, धातू गोठताना रायझरकडून, म्हणजे जादा धातूच्या साठ्याकडून, पुरवठा कुठे तुटतो, याचं उत्तर तुमच्याकडे असलं पाहिजे. शिवाजी विद्यापीठातल्या सैफ या उपकरण केंद्रात एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक), एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणारं) अशी उपकरणं आहेत. त्यांचा वापर करून मायक्रोस्ट्रक्चरपर्यंत, म्हणजे धातूच्या सूक्ष्म रचनेपर्यंत, जा.

थर्मलवाल्यांसाठी गुऱ्हाळ आहे. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, पण चुलवाणात (गुऱ्हाळाच्या भट्टीत) चिपाड जाळताना किती उष्णता काहिलीतल्या (मोठ्या कढईतल्या) रसाला मिळते आणि किती धुराड्यातून निघून जाते, यावर नेटकं काम करायला अजून भरपूर वाव आहे. अडचण वेळेची आहे. गुऱ्हाळं हंगामात चालतात, आणि नेमक्या नोव्हेंबर-डिसेंबरात कॉलेजच्या परीक्षा असतात. थर्मोकपल (तापमान मोजायचा सेन्सर) बसवायचा राहिला की वर्ष गेलं.

याउलट टर्ब्युलन्सचं मोठं सीएफडी (प्रवाहाचं संगणकी गणित), लेझरने ज्वलनाचं मोजमाप, मायक्रो उपकरणं, असं काही डोक्यात असेल तर कोल्हापुरात अडकून पडू नका. त्याला यंत्रसामग्री लागते, आणि शेजारच्या टेबलावर त्याच विषयात बुडालेली चार माणसं लागतात. ती संगत अर्धवेळात मिळत नाही.

मधला रस्ता

शिवाजी विद्यापीठात नोंदणी आणि बाहेरच्या संस्थेतला को-गाइड, ही जोडी मला सगळ्यात व्यवहार्य वाटते. धारवाडची आयआयटी महामार्गाने दोनशे किलोमीटरच्या आत आहे. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. काही आयआयटींत नोकरदारांसाठी बाहेरून नोंदणीही असते, पण कोर्सवर्कची हजेरी कशी लागते ते आधी बघा.

पदवीचा उपयोग

तंत्रशिक्षणाची नियामक संस्था एआयसीटीईच्या २०१९ च्या निकषांप्रमाणे असोसिएट प्रोफेसर व्हायला पीएचडी आणि आठ वर्षांचा अनुभव लागतो, त्यातला किमान दोन वर्षांचा पीएचडीनंतरचा. इथेच शिकवत पुढे जायचं असेल तर कोल्हापूरची पदवी पुरते. एनआयटी-आयआयटीत प्राध्यापक किंवा मोठ्या कंपनीच्या आर अँड डीत जायचं असेल, तर आयआयटीचं पारडं जड आहे. पैसे भरले की पंधरा दिवसांत पेपर छापणाऱ्या जर्नलांपासून दोन्हीकडे लांब राहा. यूजीसीने मान्य जर्नलांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे जर्नल पारखायची जबाबदारी आता तुमची आणि गाइडची.

गाइड

प्रोफेसरला एका वेळी आठ, असोसिएटला सहा, असिस्टंटला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिली असतील तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही, हे सगळ्यात आधी तपासा. मग त्यांच्याकडे सध्या नोंदणी असलेल्या दोघा-तिघांना गाठून विचारा, लिहून दिलेलं चॅप्टर तपासून परत यायला किती वेळ लागतो. उत्तर आठवड्यांत आलं तर अर्ज भरा. महिन्यांत आलं, तर संस्था कोणतीही असो, दुसरा गाइड शोधा.