मॅथ्यूसन की जॉन्सन?

१९३६ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंच्या सन्मान-यादीत) पहिले पाच खेळाडू निवडले गेले. त्यांत पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारे, दोनच, क्रिस्टी मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन. या दोघांत श्रेष्ठ कोण?

मॅथ्यूसन न्यूयॉर्क जायंट्स संघाचा. त्याचं खरं बळ अचूकतेत होतं. १९१३ च्या हंगामात ३०६ इनिंग्ज (बेसबॉलच्या एका सामन्यात साधारण नऊ असतात) टाकून त्याने फक्त २१ वॉक दिले, म्हणजे चार चुकीचे चेंडू टाकून बॅटरला फुकट पहिला बेस दिला! त्याचा ‘फेडअवे’, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने वळणारा चेंडू, तर प्रसिद्धच. १९०५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (हंगामाच्या शेवटच्या अजिंक्यपद मालिकेत) सहा दिवसांत त्याने तीन शटआउट टाकले, म्हणजे तीन पूर्ण सामन्यांत एकही रन दिली नाही. मोठ्या सामन्यांत इतकी हुकमत मला दुसऱ्या कोणाची दिसत नाही.

जॉन्सनकडे वेग होता. हात बाजूने फिरवत तो चेंडू सोडायचा. विजय ४१७ (मॅथ्यूसनचे ३७३), शटआउट ११०, आणि शटआउटचा हा विक्रम आजही अबाधित आहे.

तरी आकड्यांपेक्षा संघ बघा. मॅथ्यूसनच्या पाठीशी मॅनेजर जॉन मॅकग्रॉचा तगडा संघ होता. जॉन्सन १९०७ ते १९२७ वॉशिंग्टनकडेच राहिला, आणि तो संघ बऱ्याचदा तळाशी असे. म्हणून माझं मत जॉन्सनला. त्याला वर्ल्ड सिरीज खेळायला मिळाली थेट १९२४ साली, वयाच्या ३६ व्या वर्षी. सातव्या सामन्यात शेवटच्या चार इनिंग्ज त्यानेच टाकल्या आणि वॉशिंग्टनने बाराव्या इनिंगमध्ये बाजी मारली.