प्रेडनिसोलोन चालू असताना मीठ कोणतं: सैंधव, लो-सोडियम की साधंच, पण कमी?

प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पावलं सुजली, की घरातून सल्ला येतो, "सैंधव आणा." सल्ला मायेचा असतो, पण त्यानं सूज उतरत नाही. ही औषधं मूत्रपिंडाला सोडियम धरून ठेवायला लावतात, त्यामागे पाणी साठतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. सैंधवही जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच असतं. वर त्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं. सुजेसाठी म्हणून त्यावर पैसे घालवू नका.

लो-सोडियम मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. स्टेरॉइडनं पोटॅशियम घटतं, म्हणून हे मीठ सोयीचं वाटतं. मात्र ज्यांना स्टेरॉइड लागतं त्यांतल्या अनेकांच्या आजारात मूत्रपिंडच दुखावलेलं असतं. नेफ्रोटिक सिंड्रोम (यात लघवीवाटे प्रथिनं जातात) घ्या किंवा ल्युपस (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते आणि बरेचदा मूत्रपिंडालाही धरते). शिवाय टेल्मिसार्टन, रामिप्रिल ही रक्तदाबाची औषधं किंवा स्पायरोनोलॅक्टोन हे लघवी वाढवणारं औषध चालू असेल, तर पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियमचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ही पिशवी घरात आणू नका, हे मी कळकळीनं सांगते.

माझं मत साध्या आयोडीनयुक्त मिठाच्या बाजूनं आहे, पण दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभरही नाही. नुसती भाजी अळणी करून भागत नाही. आधी पापड बंद करा (पापडखारातही सोडियमच), मग लोणचं, फरसाण, खारवलेली सुकी मासळी, नूडल्सची मसाला-पुडी. चवीला लिंबू, आमचूर, लसूण, भाजलेलं जिरं आहेच. कोकमाचं आगळ मात्र नको, ते मीठ घालूनच टिकवतात.

औषधागणिकही फरक पडतो: हायड्रोकॉर्टिसोन पाणी जास्त धरतं, प्रेडनिसोलोन त्याहून कमी, डेक्सामेथासोन जवळजवळ नाहीच. चेहरा गोल होतो तो मुख्यतः चरबीमुळे. मीठ कितीही तोडलं तरी तो तसाच राहील, डोस उतरत गेला की हळूहळू ओसरेल. त्यापायी गोळ्या मनानं बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं किंवा धाप लागली, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे जा.

आणि ॲडिसनच्या आजारासाठी (यात अधिवृक्क ग्रंथी पुरेसे संप्रेरक बनवत नाहीत) स्टेरॉइड चालू असेल, तर मीठ कमी करण्याचा वरचा सल्ला लागू नाही. त्या शरीराला मीठ लागतं.