प्राचीन मॅसिडोनियन: ग्रीकचीच बोली की वेगळी भाषा?

बोली मानणाऱ्यांच्या हाती शिशाचा एक पत्रा आहे. तो १९८६ साली प्राचीन मॅसिडोनियाची राजधानी पेल्ला इथल्या एका थडग्यात सापडला; काळ इ.स.पू. चौथं शतक. डायोनिसोफोनने थेटिमाशी लग्न करू नये म्हणून एका बाईने त्यावर शाप कोरला, आणि तो वायव्येकडच्या डोरिक (ग्रीकचा एक बोलीगट) वळणाच्या ग्रीकमध्ये. इतकी खासगी तळमळ कुणी परक्या भाषेत मांडेल, हे मला पटत नाही.

वेगळी भाषा मानणारे उच्चारांवर बोट ठेवतात: बाईचं ग्रीक नाव ‘फेरेनिके’, मॅसिडोनियनमध्ये तेच ‘बेरेनिके’. मुद्दा खरा, पण हाती शब्द मोजकेच. अथेन्सचा वक्ता डेमोस्थेनिस मॅसिडोनियाचा राजा फिलिप याला परका, रानटी म्हणायचा. त्यात अथेन्सचं राजकीय वैर जास्त आहे. फिलिपच्या आधीचा मॅसिडोनियन राजा पहिला अलेक्झांडर फक्त ग्रीकांसाठी असलेल्या ऑलिम्पिकमध्ये उतरला, तो मात्र आपलं कूळ अर्गोस या ग्रीक शहरातलं असल्याचं पटवून. त्यावरून सामान्य मॅसिडोनियन माणसाचं मूळ ठरत नाही.