‘कॅट-कॉन जाम झालाय’ म्हणाला आणि आतली जाळीच काढून घेतली

आमची पिकअप २०१७ ची आहे. डिझेल, प्रदूषणाच्या बीएस फोर निकषाची. दिंडोरी तालुक्यात शेती असल्यामुळे टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंत नाहीतर नाशिकचं मार्केट यार्ड अशी रोजची फेरी असते. आठवड्यातून दोन रात्री भाजीपाला भरून कसारा घाटाने वाशी. गाडी माझा धाकटा भाऊ चालवतो.

यंदा श्रावणात सकाळी गाडी चालू केली की खालून फट-फट आवाज यायला लागला. गाडी जुनी, सायलेन्सर थोडा वाजणारच, म्हणून मी सोडून दिलं. ही चूक माझी. आठवड्याभराने भाऊ वाशीहून परत आला तो डोकं धरूनच. पावसामुळे काचा बंद होत्या आणि घाटात मळमळलं, म्हणाला. पुढच्या खेपेलाही तेच झालं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर फाटलंय आणि तिथून धूर थेट केबिनमध्ये येतोय. डिझेलच्या धुराला वास तरी असतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. पेट्रोलच्या मानाने डिझेलमध्ये तो कमी असतो हे खरं, पण बंद केबिनमध्ये माणूस तासन्‌तास बसतो, कधी इंजिन चालू ठेवून तिथेच डुलकी काढतो. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

दुसऱ्याच दिवशी मी स्वतः गाडी घेऊन नाशिकच्या द्वारका चौकाच्या पुढच्या भागातल्या एका गॅरेजात गेलो. आधीची ओळख नव्हती. रस्त्यात पडतं आणि बाहेर ‘सायलेन्सर वर्क’ लिहिलंय, एवढ्यावर गेलो. गाडीखाली झोपून मिस्त्री दोन मिनिटांत बाहेर आला. “शेठ, भोक एकच दिसतंय, पण खरा प्रॉब्लेम तो नाही. कॅट-कॉन जाम झालाय. मागून प्रेशर येतं म्हणून पाइप फुटला. आज वेल्डिंग मारून देतो, पण महिन्यात परत याल.” (कॅट-कॉन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करणारा डबा.) मग म्हणाला, नवा ओरिजिनल सेट बाहेर तीस हजारांच्या खाली मिळणार नाही, माझ्याकडे एक आहे, चौदा हजारांत बसवून देतो. बिल मागितलं तर जीएसटी लागेल.

मला घाई होती, भावाची काळजी होती, आणि तो बोलत होता आत्मविश्वासाने. मी हो म्हटलं. चार तास लागतील, तोवर मार्केटची कामं उरकून या, म्हणाला. आलो तेव्हा सायलेन्सर चंदेरी चकचकीत होता आणि फट-फट बंद झालं होतं. आवाज जरा पोकळ आणि भारी वाटला तर म्हणाला, नवीन आहे, गाडी मोकळा श्वास घेते, पिकअप बघा कसा वाढला ते. जुना सेट कुठाय म्हणून विचारलं. “भंगारवाला घेऊन गेला, गंजलेल्या पत्र्याचं काय करणार शेठ?” मी चौदा हजार मोबाइलवरून पाठवले. ते गॅरेजच्या नव्हे, कुण्या माणसाच्या नावाने गेले, हेही तेव्हा डोक्यात आलं नाही.

त्यानंतर गाडी चालू करताना डोळे चुरचुरायला लागले, मागे कच्च्या डिझेलसारखा उग्र वास यायचा. तिसऱ्या आठवड्यात फट-फट परत आली. या वेळी मी गाडी आमच्याच भागातल्या एका वयस्कर वेल्डरकडे नेली. ट्रॅक्टर-ट्रॉलीची कामं करणारा माणूस, पण गाडी खड्ड्यावर घेऊन त्याने मला हाताला धरून खाली उतरवलं आणि एकेक गोष्ट दाखवली.

चंदेरी रंग पोपडे धरून निघत होता आणि खाली जुनाच गंज होता. सेट नवा नव्हताच. भोक मागच्या फ्लँजजवळ, म्हणजे पाइप जोडणाऱ्या चकतीजवळ होतं. त्यावर पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळून सायलेन्सरची पेस्ट थापलेली होती. घाटाच्या उष्णतेने आणि हादऱ्यांनी ती सुटली, कडेने काजळीचा काळा फराटा उमटला होता. नंतर त्याने कॅट-कॉनच्या डब्याला पान्याने ठोकलं. रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. डब्याच्या पोटावर गोल वेल्डिंग होतं, ताजं, रंगाखाली लपवलेलं. पुढचा जोड खोलून टॉर्च मारली तर आरपार दिसलं. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असायला हवी, ती नव्हती.

त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम असल्या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन तिथेच जळून निघतं. डोळे का चुरचुरत होते ते तेव्हा कळलं. भंगारात गाडीच्या बाकी पत्र्याला फारशी किंमत नसते, या जाळीला असते. म्हणजे दोन हजारांच्या कामाला त्याने माझ्याकडून चौदा हजार घेतले, वर माझीच जाळी विकली. आणि केबिनमध्ये धूर येतो, भावाला चक्कर येते, हे मी त्याला सांगितलं होतं. ते ऐकूनही त्याने भोकावर नुसती पेस्ट लावली. पैशांपेक्षा मला याचा राग जास्त आहे.

गॅरेजात परत गेलो. तो म्हणाला, तुमच्या गाडीत जाळी आधीपासूनच नव्हती, सिद्ध करा. माझ्याकडे ना बिल, ना फोटो, ना जुना पार्ट. शेजारच्या दुकानदारांनी मान फिरवली.

आता खरं काम काय होतं ते लिहितो, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. वेल्डरने आधी बॅटरीची तार सोडवली. इंजिनला कंट्रोल युनिट असेल तर ही तार सोडवल्याशिवाय वेल्डिंग करू नये, म्हणाला. गंजलेला वीतभर पाइप कापून त्याच मापाचा तुकडा जोडला, नवीन फ्लँज, नवीन पॅकिंग, गंजून तुटलेले दोन स्टड आणि लोंबकळणारी हँगर रबरं बदलली. गिअरजवळचं रबरही त्यानेच बदलायला लावलं. सगळे मिळून एकोणीसशे रुपये. गंजाचं कारणही सांगितलं: आम्ही पोटॅश-युरियाच्या गोण्या वाहतो, ती भुकटी चिखलाबरोबर खाली चिकटून बसते, आणि शेत ते मार्केट अशा छोट्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापत नाही, त्यामुळे आत साचलेलं पाणी वाळत नाही. तेव्हापासून गोण्या उतरवल्या की आम्ही गाडी खालून धुतो.

लीक कुठे आहे हे आपणही बघू शकतो. गाडी रात्रभर थंड होऊ द्या, उघड्यावर चालू करा आणि दुसऱ्याला मागच्या पाइपाच्या तोंडावर जाड ओलं फडकं क्षणभर धरायला सांगा. जिथे फुसफुस ऐकू येईल तिथे भोक. जोडावर साबणाचं पाणी टाकलं तर बुडबुडे येतात. कॅट-कॉन जाम आहे असं कुणी म्हणालं तर आधी जोड खोलून जाळी दाखव म्हणा. खरंच जाम असेल तर चढावर गाडी ओढत नाही, धापा टाकते. आमची गाडी कसारा घाट भरल्या मालाने नीट चढत होती. एवढा साधा विचार मी केला असता तरी वाचलो असतो. काम सुरू होण्याआधी नंबर प्लेटसकट खालचे फोटो काढा, गाडी सोडून जाऊ नका, आणि काढलेला पार्ट पोत्यात भरून गाडीत पडल्याशिवाय पैसे देऊ नका. पैसे मोबाइलने देत असाल तर शेऱ्यात गाडीचा नंबर आणि काम लिहा. मला आज तेवढाही पुरावा उपयोगी पडला असता.

नवीन पीयूसी काढली, ती पास झाली. डिझेल गाडीच्या धुराचा फक्त गडदपणा तिथे मोजतात, जाळी आहे की नाही ते त्यात कळत नाही. त्यामुळे पीयूसी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गाडीला आठ वर्षं झाल्याने फिटनेस आता दरवर्षी करावी लागते. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० प्रमाणे प्रदूषणाचे निकष मोडले तर पहिल्या वेळीच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. जाळी दुसऱ्याने नेली तरी जाब आम्हालाच विचारणार.

गाडी धंद्याची आहे म्हणून ग्राहक आयोग तक्रार घेणार नाही, असं मला दोघांनी सांगितलं. तसं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केवळ स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी, स्वयंरोजगार म्हणून विकत घेऊन वापरलेल्या वस्तूला व्यापारी हेतू धरत नाहीत. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही. मी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद केली आहे. वेल्डरने जोड खोलताना काढलेले फोटो आणि त्याचं लेखी म्हणणं जोडून आयोगाकडे अर्ज तयार करतोय.

नवीन कॅट-कॉनचे पैसे टोमॅटोच्या विक्रीची पट्टी आल्यावरच जमतील. तोवर गाडी घाटात पाठवत नाही, भाऊ काचा खाली ठेवून मार्केट यार्डापर्यंत जातो आणि परत येतो.