काखेत कळसा, पिरॅमिडला वळसा: ‘द अल्केमिस्ट’ वाचावं की नाही?

काही पुस्तकांबद्दल दोन माणसांचं बोलणं ऐकलं की ती एकाच पुस्तकाबद्दल बोलतायत यावर विश्वास बसत नाही. एक सांगतो, ‘हे वाचलं आणि मी अडकलो होतो तिथून बाहेर पडलो.’ दुसरा म्हणतो, ‘चाळीस पानांत जीव गेला. सुविचारांची दिनदर्शिका सलग वाचल्यासारखं वाटलं.’ पावलो कोएलो या ब्राझिलियन लेखकाचं ‘द अल्केमिस्ट’ हे त्यातलंच. मूळ पोर्तुगीज पुस्तक १९८८ सालचं, इंग्रजीत आलं १९९३ मध्ये, आणि आज ते ऐंशीहून अधिक भाषांत आहे, मराठीतही. हे पुस्तक आपण विकत घेण्याआधी कुणीतरी आपल्याला भेट देतं, असा माझा अनुभव आहे. तुमच्या टेबलावर तसंच येऊन पडलं असेल आणि वाचू की नको असं चाललं असेल, तर दोन्ही पक्षांचं म्हणणं समोरासमोर ठेवून बघू. मी स्वतः मधे कुठेतरी आहे, पण सगळ्या मुद्द्यांवर नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. स्पेनच्या अंदालुसिया भागातला सांतियागो हा मेंढपाळ पोरगा एका पडक्या चर्चमध्ये झोपतो. तिथे सायकमोरचं झाड वाढलेलं आहे. इजिप्तच्या पिरॅमिडपाशी खजिना आहे, असं स्वप्न त्याला पडतं, तेही दोनदा. एक जिप्सी बाई आणि स्वतःला सालेमचा राजा म्हणवणारा एक म्हातारा त्याला ‘जा’ म्हणतात. तो मेंढ्या विकतो, समुद्र ओलांडून मोरोक्कोतल्या टँजियरला पोचतो आणि पहिल्याच दिवशी लुबाडला जातो. पुढे काचसामानाच्या दुकानात नोकरी, मग वाळवंटातला तांडा, ओअ‍ॅसिस, तिथली फातिमा, शेवटी किमयागार, म्हणजेच नावातला अल्केमिस्ट. पिरॅमिडपाशी तो खणत असताना लुटारू त्याला बडवतात आणि त्यांच्यातलाच एक हसत म्हणतो, मलाही एक स्वप्न पडायचं, स्पेनमधल्या एका पडक्या चर्चमध्ये झाडाच्या मुळाशी खजिना आहे असं, पण म्हणून काय मी वाळवंट तुडवत जाऊ? पोरगा परत येतो, झाडाखाली खणतो, खजिना सापडतो.

शेवट सांगून टाकला म्हणून रागावू नका. आपल्याकडे हा अख्खा शेवट चार शब्दांच्या म्हणीत बसवलेला आहे, आणि गोष्ट तर साडेसातशे वर्षांहून जुनी आहे. सूफी कवी रूमीच्या ‘मसनवी’ या काव्यात बगदादचा एक कफल्लक माणूस स्वप्न पाहून इजिप्तला जातो, पहारेकऱ्याचा मार खातो, आणि त्या पहारेकऱ्याच्या तोंडून स्वतःच्याच घराचा पत्ता ऐकतो. ‘अरबी सुरस कथां’मध्ये हीच गोष्ट आहे. बोर्हेस या अर्जेंटिनाच्या लेखकाने १९३५च्या आपल्या पुस्तकात ती पुन्हा सांगितली. या सगळ्या ठिकाणी ती थोड्याच पानांत संपते.

म्हणजे कोएलोंनी त्यात भरलं काय, यावरच वाचक फुटतात. जुन्या गोष्टीत स्वप्न आहे, प्रवास आहे, मार आहे आणि नशिबाची चेष्टा आहे. वाटेत भेटणारे गुरू नाहीत, शकुन नाहीत, विश्वाचा आत्मा नाही. हे सगळं नंतर आलं. चाहत्यांना आवडतं ते नेमकं हे नंतरचं. नावडणाऱ्यांना वाटतं, दोन पानांची झकास गोष्ट पाणी घालून वाढवली.

आता ती ओळ. पुस्तक न वाचलेल्यांनाही ती माहीत असते: तुम्ही मनापासून काही मागितलंत की सगळं विश्व ते तुम्हाला मिळवून द्यायला कामाला लागतं. पुस्तकावरची निम्मी भांडणं या एका वाक्याची आहेत.

चाहते म्हणतात, हे वाक्य शब्दशः घ्यायचंच कशाला? माणूस एकदा मनाशी ठरवतो तेव्हा त्याला आधी न दिसलेली दारं दिसायला लागतात, आधी न विचारलेले प्रश्न तो विचारायला लागतो, एवढंच त्यात आहे. शिवाय ते लेखकाकडेच बोट दाखवतात. तरुणपणी घरच्यांनी ज्याला मनोरुग्णालयात टाकलं, जो गाणी लिहीत होता, १९८६ मध्ये जो स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेला या तीर्थक्षेत्राची वाट पायी चालला आणि त्यानंतर लेखक झाला, त्याच्या या पुस्तकाची पहिली आवृत्ती ९०० प्रतींची होती. प्रकाशकाने पुढे हक्कही परत करून टाकले. मग दुसरा प्रकाशक मिळाला आणि बाकीचं सगळ्यांना ठाऊक आहे. पुस्तकात लिहिलेलं पुस्तकाच्याच बाबतीत खरं झालं, अजून काय पुरावा हवा?

विरोधकांचं उत्तर इथे मला जास्त पटतं. ज्यांच्या ९०० प्रती खपल्या नाहीत आणि दुसरा प्रकाशकही मिळाला नाही, त्यांनी काय कमी मनापासून मागितलं होतं? त्यांची पुस्तकं आपल्यापर्यंत आलीच नाहीत, म्हणून ती मोजणीतही येत नाहीत. पोचलेल्या माणसाने मागे वळून पाहिलं की वाटेतला प्रत्येक दगड शकुन दिसतो. आणि या वाक्याची उलटी बाजू क्रूर आहे: तुला मिळालं नाही, म्हणजे तुझंच मागणं कमी पडलं. आजारी माणसाच्या, कर्जात बुडालेल्या माणसाच्या हातात हे पुस्तक ठेवताना भेट देणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही. असाध्य ते साध्य कशाने होतं, याचं तुकोबांनी दिलेलं उत्तर ‘अभ्यास’ आहे. विश्वाची मदत त्यांनी त्यात धरलेली नाही, आणि मला ते जास्त प्रामाणिक वाटतं.

पण एक गोष्ट विरोधकही सोयीने विसरतात. या पुस्तकात विश्व मदत करतं म्हणजे काय करतं, ते बघा. पोराला लुबाडतं. पुढे पुन्हा लुटतं. टोळ्यांच्या युद्धात अडकवतं. शेवटी बेदम मार देतं. ‘मागा आणि मिळेल’ एवढं सोपं गणित पुस्तकात नाही. ते भिंतीवर लावायच्या फलकांनी केलं.

भाषेवर दोन्ही बाजूंचं म्हणणं लवकर आटपतं. वाक्यं छोटी, वर्णनं जुजबी, दोनशे पानांच्या आत काम तमाम. जो फारसा वाचत नाही त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे, आणि अनेकांनी आयुष्यात पूर्ण केलेलं हे पहिलं पुस्तक असतं. त्यांच्या प्रेमात तोही वाटा आहे, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. मुरलेल्या वाचकाला मात्र ही भाषा सपाट लागते. लेखकाने हे पुस्तक दोन आठवड्यांत लिहिल्याचं स्वतः सांगितलंय. चाहत्यांना ते ऐकून नवल वाटतं, विरोधकांना अजिबात वाटत नाही. इंग्रजीत ‘जगाचा आत्मा’, ‘जगाची भाषा’ हे शब्द मोठ्या अक्षरांनी सुरू होतात आणि प्रत्येक वेळी ढोल वाजल्यासारखं होतं. देवनागरीत मोठी अक्षरं नसल्याने मराठीत तो ढोल आपोआप थांबतो. त्यातून पसायदानातला ‘विश्वात्मक’ कानावर पडलेल्या वाचकाला या कल्पनेचं ना अप्रूप वाटत, ना ती परकी वाटत. इंग्रजीत चिडचिड झाली असेल तर मराठीत वाचून बघा, खरंच फरक पडतो. पोराचं वाऱ्यात रूपांतर होतं ते प्रकरण मात्र कुठल्याही भाषेत पाल्हाळिकच आहे. तो वाळवंटाशी बोलतो, वाऱ्याशी बोलतो, सूर्याशी बोलतो, आणि मी पुस्तक दोनदा वाचलं त्या दोन्ही वेळा इथे पानं भराभर उलटली.

फातिमाबद्दल मी सरळ विरोधकांच्या बाजूने. पुरुषाने आपलं स्वप्न शोधत जावं आणि वाळवंटातल्या बाईने त्याची वाट पाहावी, असं ती स्वतःच सांगते, आणि लेखकाला त्यात काही खटकत नाही. ‘प्रत्येकाला आपली नियती असते’ म्हणणाऱ्या पुस्तकात तिची नियती म्हणजे विहिरीवर पाणी भरत क्षितिजाकडे बघणं. चाहते म्हणतात, ही नीतिकथा आहे, यातली पात्रं म्हणजे चिन्हं. असतील. पण पुरुष-चिन्हांना प्रवास मिळतो आणि स्त्री-चिन्हाला प्रतीक्षा, हे वाचताना टोचतंच. तुम्हाला अशा गोष्टी त्रास देत असतील तर ओअ‍ॅसिसचा भाग तुम्हाला नक्की त्रास देणार, हे आधीच सांगतो.

आता काचेचं दुकान, ज्याच्याविषयी दोन्ही बाजू फारसं बोलत नाहीत. चाहते ते ओलांडून किमयागाराकडे धावतात, विरोधक तोवर पुस्तक मिटून बसलेले असतात.

टँजियरमध्ये चढावर एक दुकान आहे. मालक तीसेक वर्षं तिथे बसलाय. गिऱ्हाईक कमी झालंय. लुबाडला गेलेला पोरगा धुळकट काचेची भांडी पुसून देतो आणि बदल्यात जेवण मागतो. मग तिथेच राहतो. भांडी लोकांच्या नजरेला पडावीत म्हणून बाहेर कपाट मांडतो. चढ चढून दमलेल्या लोकांना काचेच्या पेल्यांतून चहा द्यायची कल्पना काढतो. धंदा वाढतो. आफ्रिकेत पाऊल ठेवल्याला अकरा महिने नऊ दिवस होतात तेव्हा त्याच्याकडे पूर्वीच्या साठ मेंढ्यांच्या दुप्पट मेंढ्या घेता येतील एवढा पैसा असतो. इथे ना राजा आहे, ना जादू. शकुन आहेत, पण ते फडक्याने भांडी पुसल्यावरच दिसतात. पुस्तकातला ‘अभ्यास’ आहे तो एवढाच.

आणि मालक. त्याला आयुष्यभर मक्केला जायचंय. आता पैसा आहे, तरी तो जात नाही. का, तर जाऊन आलो की मग जगायला काय उरेल, अशी त्याला भीती आहे. तो हे लपवत नाही. पोराला तो सांगतो की तू तुझी स्वप्नं पुरी करायला निघालायस, मला फक्त स्वप्न पाहत राहायचंय. अख्ख्या पुस्तकात याहून खरं माणूस मला सापडलं नाही. लेखकाने त्याला इशाऱ्यासारखं उभं केलंय, असं होऊ नका म्हणून. पण तो लेखकाच्या हातातून निसटलाय. त्याला आपण भित्रा म्हणू शकत नाही, कारण त्याने स्वतःला इतकं नीट ओळखलंय.

गंमत बघा. पोराला इजिप्तपर्यंत जायचं बळ मिळालं ते न गेलेल्या या दुकानदारामुळे. खजिन्याचा पत्ता मिळाला तो स्वप्न पडूनही न गेलेल्या लुटारूमुळे. जाणाऱ्याची ही गोष्ट दोन न जाणाऱ्यांच्या खांद्यावर उभी आहे. चाहत्यांना हे सांगितलं तर ते म्हणतात, हेच ते, विश्वाने मदत केली! विरोधकांना सांगितलं तर ते म्हणतात, मग पुस्तकाचं नाव ‘काचवाला’ हवं होतं. हे मात्र मला आवडलं असतं.

वयाबद्दल एक शब्द. हे पुस्तक विशीत वाचावं, तिशीनंतर ते भाबडं वाटतं, असं दोन्ही बाजूंचे लोक म्हणतात. माझं उलटं झालं. विशीत मला ते खोटं वाटलं, कारण तेव्हा मला फक्त पोरगा दिसत होता आणि त्याचं सगळं जमून येत होतं. बऱ्याच वर्षांनी पुन्हा वाचलं तेव्हा दुकानदार दिसला. तेव्हा वयाच्या हिशेबाने ठरवू नका.

ठरवायचं ते असं. तुम्हाला एखादा निर्णय घ्यायचाय आणि पुस्तकाने तो घेऊन द्यावा अशी अपेक्षा असेल, तर हे पुस्तक आत्ता बाजूला ठेवा. ते ‘जा’ एवढंच म्हणतं. भाडं कोण भरणार, मागे राहिलेल्यांचं काय, याला त्याच्याकडे उत्तर नाही. सांतियागोला घरचं ओझंच नाही. मेंढ्या विकल्या की तो मोकळा. निर्णय आधीच झालाय आणि फक्त पाय उचलत नाही, अशा माणसाला ते उपयोगी पडताना मी पाहिलंय. त्याला हवा असतो तो धक्का, आणि धक्का हे पुस्तक चांगला देतं. केवळ चांगली गोष्ट हवी असेल तर ‘मसनवी’तली शोधा, दहा मिनिटांत होईल.

शोधाचीच कादंबरी हवी असेल पण जास्त किंमत मोजणारी, तर हेर्मान हेस्सेची १९२२ ची ‘सिद्धार्थ’ घ्या. तिथेही घर सोडणारा मुलगा आहे, पण तो बुद्धाला भेटूनही तिथे थांबत नाही, पैशात आणि सुखात वाया जातो, आणि पुढे त्याचाच मुलगा त्याला सोडून जातो. मागे राहणाऱ्या बापाचं दुःख त्याला तेव्हा कळतं. ‘द अल्केमिस्ट’मध्ये हा हिशेब कुणी मांडतच नाही. उडण्याच्या सरावाची गोष्ट हवी असेल तर रिचर्ड बाख यांचा १९७० चा ‘जोनाथन लिव्हिंगस्टन सीगल’ आहे. तो याहूनही छोटा आणि उपदेशात याच्याइतकाच सढळ, पण त्यातला पक्षी निदान पुन्हा पुन्हा पाण्यात आपटतो.

आणि तरीही मन होत नसेल, तर काचेच्या दुकानापर्यंत वाचा. पोरगा दुकान सोडून तांड्याकडे निघतो तिथे थांबा. मालकाला सोडून पुढे जावंसं वाटलं तर बाकीचं पुस्तक तुमचं आहे. त्याच्याशेजारी बसून चहा घ्यावासा वाटला, तर पुस्तक ज्याने दिलंय त्याला परत करायला हरकत नाही.